सोय केली होती ना! गणितज्ञांच्या एका जेवणाचा इतिहास

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोललो तेच इथे आहे, फक्त माझं अडखळणं आणि 'म्हणजे काय की' काढून टाकलंय.)

 

आजच्या भागात लढाई नाही, किल्ला नाही, तह नाही. आज एक जेवण आहे. १९५१ साल, अमेरिकेतलं नॅशविल शहर, गणिताच्या प्राध्यापकांची परिषद आणि तिच्या शेवटचं जेवण. तुम्ही म्हणाल, प्राध्यापकांच्या जेवणात काय इतिहास? आहे. आज मोठ्या परिषदांच्या वेबसाइटवर 'आचारसंहिता' नावाचं पान असतं ना, जे आपण कुणीच वाचत नाही, त्याची एक मुळी थेट या जेवणापर्यंत जाते.

पण नॅशविलला जायच्या आधी माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. तिच्यामुळेच मी या विषयाच्या मागे लागलो.

गच्चीवरचं जेवण

मी एमए करत होतो तेव्हाची गोष्ट. एका कॉलेजात दोन दिवसांची परिषद होती आणि मी व्हॉलंटिअर होतो. म्हणजे गळ्यात बॅज, हातात यादी आणि दिवसभर धावपळ. दुसऱ्या शहरातून एक मुलगी पेपर वाचायला आली होती. ती व्हीलचेअर वापरायची. हॉल तळमजल्यावर, दाराशी रॅम्प, त्यामुळे सगळं नीट झालं. तिचा पेपर उत्तम झाला. प्रश्न आले, टाळ्या झाल्या.

रात्रीचं जेवण मात्र गच्चीवर होतं. चौथा मजला, लिफ्ट नाही.

हे आमच्या कुणाच्याच आधी लक्षात आलं नव्हतं. मी पटकन एक ताट वाढून घेतलं, वर फॉइल लावलं आणि खाली नेऊन दिलं. गुलाबजामसुद्धा दोन घेतले होते, बरं का. तासाभराने परत जाऊन विचारलं, "झालं ना जेवण? अजून काही आणू?" ती म्हणाली, "नको दादा, झाली सोय." मला वाटलं, आपण फार चांगलं काम केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी चारपाच विद्यार्थी एका ज्येष्ठ प्राध्यापकांभोवती उभे होते. उन्हाळ्यात एक कार्यशाळा घ्यायचं ठरलं होतं, नावंही लिहून झाली होती. तिने मला विचारलं, "हे कधी ठरलं?"

मी म्हणालो, "काल रात्री. जेवताना."

ती काहीच बोलली नाही. मीही नाही. पण 'जेवताना' हा शब्द माझ्या तोंडून निघाला, तेव्हा मला कळलं की मी तिच्यापर्यंत जेवण पोचवलं होतं, परिषद नाही.

आता हे डोक्यात ठेवा आणि चला माझ्याबरोबर अमेरिकेत.

'तुमची वेगळी सोय केली आहे'

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत वर्णभेदाचे कायदे लागू आहेत, ज्यांना 'जिम क्रो' कायदे म्हणतात. शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, हॉटेलं वेगळी, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. १८९६ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं होतं की सोयी वेगळ्या असल्या तरी समान असतील तर चालतं. 'वेगळे पण समान'. हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता एक माणूस भेटवतो. जेसी अर्नेस्ट विल्किन्स. शिकागोचा कृष्णवर्णीय मुलगा. तेराव्या वर्षी शिकागो विद्यापीठात दाखल आणि १९४२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी गणितात पीएचडी! पुढे मॅनहॅटन प्रकल्पातही काम केलं, म्हणजे अणुबाँबवाला तोच प्रकल्प. थोडक्यात, या माणसाच्या हुशारीबद्दल कुणाला शंका असायचं कारणच नव्हतं.

१९४७ च्या सुमारास अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची एक बैठक जॉर्जिया विद्यापीठात होणार होती. जॉर्जिया म्हणजे दक्षिण. विल्किन्स सोसायटीचे सदस्य होते, त्यांना यायचं होतं. आयोजकांकडून त्यांना कळवण्यात आलं की तुम्ही जरूर या, तुमच्या राहण्याची आणि जेवणाची सोय गावातल्या एका चांगल्या कृष्णवर्णीय कुटुंबाकडे केली आहे.

बघा हं. यात शिवी नाही, अपमानाचा एक शब्द नाही, 'येऊ नका' असंही नाही. उलट कुणीतरी खटपट करून घर शोधलंय. कळवणाऱ्याला बहुतेक वाटलंही असेल की आपण किती काळजी घेतली! फॉइल लावून ताट नेणाऱ्या मला वाटलं होतं, अगदी तसंच.

विल्किन्स गेले नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं: बाकीचे सदस्य जिथे राहणार, जिथे जेवणार, तिथेच मीही. नाहीतर ही बैठक माझी नाही. हा किस्सा त्यांनी पुढे स्वतः सांगितला आहे.

एक माणूस गेला नाही. बैठक झाली, पेपर वाचले गेले, कुणाचं काही अडलं नाही. एकट्या माणसाच्या नकाराचं बहुतेक वेळा असंच होतं. नकार नोंदवायला कागद लागतो, आणि तो कागद चार वर्षांनी नॅशविलमध्ये लिहिला गेला.

नॅशविलचे चौघे

नॅशविलमध्ये फिस्क विद्यापीठ आहे. १८६६ साली, गुलामगिरी संपल्यावर लगेच, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी ते सुरू झालं. १९५० साली तिथल्या गणित विभागाचे प्रमुख म्हणून एक गोरा माणूस आला: ली लॉर्च.

लॉर्च साहेब तिथे कसे पोचले हीसुद्धा एक गोष्टच आहे. न्यूयॉर्कचा जन्म, १९१५ चा. युद्धात अमेरिकन सैन्यात होते आणि त्या नोकरीत काही काळ आपल्या भारतातही होते. युद्धानंतर न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवायला लागले. राहायला मॅनहॅटनमधल्या स्टायव्हसंट टाउन नावाच्या अवाढव्य वसाहतीत. वसाहत एका विमा कंपनीची होती आणि तिथे कृष्णवर्णीयांना घर मिळत नव्हतं. लॉर्च यांनी शेजाऱ्यांना जमवून याविरुद्ध समिती उभी केली. परिणाम? १९४९ मध्ये कॉलेजातली नोकरी गेली.

मग पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजात नोकरी मिळाली. जाताना न्यूयॉर्कचं आपलं घर त्यांनी एका कृष्णवर्णीय कुटुंबाला राहायला दिलं. म्हणजे ज्या वसाहतीत कंपनी घर देत नव्हती, तिथे यांनी पाहुणे म्हणून कुटुंब ठेवलं! परिणाम? वर्षभरात तीही नोकरी गेली. आइन्स्टाइन यांच्यासारख्या माणसाने निषेध केला, तरी गेली.

तिसरी नोकरी फिस्कमधली.

त्याच वर्षी फिस्कमध्ये एव्हलिन बॉइड या तरुण प्राध्यापिका रुजू झाल्या. १९४९ साली येल विद्यापीठातून गणितात पीएचडी. अमेरिकेत गणितातली पीएचडी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी त्या एक. लग्नानंतरचं त्यांचं नाव एव्हलिन बॉइड ग्रॅनव्हिल, आणि इंटरनेटवर त्या याच नावाने सापडतील. पुढे आयबीएममध्ये त्यांनी अमेरिकेच्या सुरुवातीच्या अंतराळ मोहिमांसाठी काम केलं. व्हॅनगार्ड आणि मर्क्युरी प्रकल्पांसाठी कक्षा मोजायच्या, त्याचे कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहायचे.

१९५१ मध्ये मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका या संस्थेच्या आग्नेय विभागाची परिषद नॅशविलमध्येच भरली. फिस्कच्या लोकांना प्रवासाचाही प्रश्न नव्हता, गावातच कार्यक्रम. विभागातून चौघे निघाले: लॉर्च, एव्हलिन बॉइड, वॉल्टर ब्राउन आणि एच. एम. हॉलोवे. लॉर्च सोडले तर तिघेही कृष्णवर्णीय.

पेपर वाचनाच्या सत्रांत त्यांना बसू दिलं. कुणी अडवलं नाही.

शेवटी जेवण होतं. चौघांनी रीतसर जागा राखून ठेवल्या होत्या. आयोजकांनी त्या मान्य करायला नकार दिला. सत्रं ऐका, जेवायला येऊ नका.

मंडळी, आता आपण महाराष्ट्रातली माणसं. पंगतीत कोण बसतं, कुणाचं पान कुठे मांडतात, कुणाला वरून पाणी घालतात, यावर आपल्याकडे काय काय झालंय हे तुम्हाला सांगायला नको. आणि 'शिकलेल्या लोकांत असं नसतं' असं कुणी म्हणालं, तर एकच आठवण. १९१८ साली डॉ. आंबेडकर मुंबईच्या सिडनम कॉलेजात प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानांना गर्दी करायचे. पण स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी घेण्याला काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आहे. वर्गात शिकवलेलं चालतं, भांड्याला हात लावलेला चालत नाही. नॅशविल आणि मुंबईत हजारो मैलांचं अंतर आहे, पण रेष दोन्हीकडे एकाच जागी ओढली होती. ज्ञान घ्यायला हरकत नाही, पण बरोबर खायला-प्यायला हरकत.

पत्र

फिस्कच्या चौघांनी काय केलं? आयोजकांशी हुज्जत घातली आणि घरी गेले, असं झालं असतं तर आज हा एपिसोडच झाला नसता.

त्यांनी पत्र लिहिलं. ते त्या जेवणाच्या यजमानांना नव्हतं, विभागालाही नव्हतं. थेट देशातल्या दोन सर्वांत मोठ्या गणित संस्थांच्या कार्यकारिणींना होतं: अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी आणि मॅथेमॅटिकल असोसिएशन. मागणी अशी की संस्थेच्या घटनेतच लिहा, आमच्या कुठल्याही कार्यक्रमात वंश, वर्ण, धर्म यांवरून भेदभाव होणार नाही. १९५१ च्या ऑगस्टमध्ये 'सायन्स' या नामांकित साप्ताहिकातही या भेदभावाबद्दलचं पत्र छापून आलं. म्हणजे आता 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायची सोय राहिली नाही.

मला यातली मागणी फार हुशारीची वाटते. बघा ना, अशा प्रसंगी आयोजकांकडे नेहमीची उत्तरं तयार असतात. 'हॉटेलचा नियम आहे, आमच्या हातात नाही.' 'राज्याचा कायदा आहे.' 'आम्ही गणिताची संस्था, समाजसुधारणेची नाही.' या प्रत्येक उत्तरात दोष दुसऱ्या कुणाचा तरी असतो. पण परिषद कुठे भरवायची, जेवण कुठे ठेवायचं, हे कोण ठरवतं? संस्थाच ना? एकदा घटनेत लिहिलं की ज्या हॉटेलात सगळे सदस्य जेवू शकत नाहीत, ते हॉटेल निवडणं ही हॉटेलची चूक राहत नाही. ती तुमची चूक होते.

मागणी मान्य झाली का? अर्धी. घटना काही बदलली नाही. पण भेदभाव न करण्याचं धोरण दोन्ही संस्थांनी ठरवलं. वैज्ञानिक सत्रांपुरतं नाही, तर संस्थेच्या कार्यक्रमांत सगळ्यांना सारखं वागवायचं.

हीच गोष्ट दुसरीकडेही घडत होती. १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या संघटनेचं, एएएएसचं वार्षिक संमेलन अटलांटामध्ये होतं. तिथेही हॉटेलं वेगळी. त्यावरून बराच वाद झाला आणि संघटनेच्या कौन्सिलने ठराव केला. त्याचा आशय असा की संघटनेचं काम औपचारिक सत्रांत होतं तसंच अनौपचारिक भेटीगाठींतही होतं, म्हणून सगळ्या सदस्यांना मोकळेपणाने भेटता येईल अशा परिस्थितीतच संमेलनं व्हावीत.

हे वाक्य पुन्हा ऐका: अनौपचारिक भेटीगाठी हेसुद्धा संघटनेचं काम आहे. १९५५ साली हे लिहिलं गेलंय. जेवण, चहा, जिन्यातल्या गप्पा हे 'एक्स्ट्रा' नाही.

कॉफीच्या टेबलावरचं गणित

का नाही एक्स्ट्रा? यासाठी व्हिव्हियन मॅलोन-मेज यांची गोष्ट ऐकूया.

या फिस्कच्याच विद्यार्थिनी, एव्हलिन बॉइड यांच्या हाताखाली शिकलेल्या. १९६० च्या दशकात त्या टेक्सास विद्यापीठात पीएचडी करायला गेल्या. वर्गात बऱ्याचदा एकट्या कृष्णवर्णीय आणि एकट्या बाई. एक नावाजलेले प्राध्यापक तर त्यांना आपल्या वर्गात घ्यायलाच तयार नव्हते.

पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली एक छोटीशी गोष्ट मला जास्त लागली. विभागातले लोक गणितावर गप्पा मारायला जवळच्या एका कॅफेत जायचे. गाईड तिथे, बरोबरचे विद्यार्थी तिथे. कॉफी, कागदी नॅपकिनवर समीकरणं, 'हे असं करून बघ ना'. ज्यांनी संशोधन केलंय त्यांना माहीत आहे, निम्मं शिक्षण अशाच टेबलावर होतं. तो कॅफे कृष्णवर्णीयांना आत घेत नव्हता. म्हणजे वर्ग खुला आणि गणित कॅफेत.

तरी त्यांनी १९६६ मध्ये पीएचडी पूर्ण केली. आणि जिने काही वर्षांपूर्वी वर्णावरून प्रवेश नाकारला होता, त्याच बेलर विद्यापीठात प्राध्यापक झाल्या!

ही जिद्दीची गोष्ट म्हणून आपण टाळ्या वाजवतो. वाजवायलाच हव्यात. पण मी दुसरा हिशोब मांडतो. त्या कॅफेच्या दारातून किती जणी परत गेल्या असतील, ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही? जिद्द असलेल्यांचा इतिहास लिहिला जातो. बाकीच्यांची फक्त गैरहजेरी असते, आणि गैरहजेरी कुणी मोजत नाही.

धोरण झालं. मग?

आता तुम्हाला वाटेल, १९५१ ला धोरण झालं, विषय संपला. नाही ना संपत!

१९६०. त्याच असोसिएशनच्या त्याच आग्नेय विभागाची परिषद, या वेळी साउथ कॅरोलायनात. अटलांटा विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख लॉनी क्रॉस, जे पुढे अब्दुलअलीम शबाझ या नावाने ओळखले गेले, आपल्या सहकाऱ्यांबरोबर तिथे पोचले. आणि त्यांना काय सांगण्यात आलं असेल? ओळखा.

तुमची राहायची वेगळी सोय आहे.

नऊ वर्षं झाली होती. मधल्या काळात, १९५४ मध्ये, सुप्रीम कोर्टाने शाळांच्या बाबतीत 'वेगळे पण समान' हे तत्त्व मोडीतही काढलं होतं. संस्थेकडे धोरण होतं. पण हॉटेलात फोन करून 'आमच्या सगळ्या सदस्यांना खोल्या देणार का?' एवढं विचारणं कुणाचं काम आहे, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. शबाझ आणि त्यांचे सहकारी निषेध करून परत फिरले.

इथून मी एक गोष्ट शिकलो. नियम लिहिणारा एक असतो आणि तो पाळायचा असतो व्हॉलंटिअरला. दोघांची गाठ पडत नाही तोवर नियम फाइलमध्ये आणि माणूस दारात.

१९६९ च्या जानेवारीत, न्यू ऑर्लिन्सच्या मोठ्या गणित परिषदेच्या वेळी कृष्णवर्णीय गणितज्ञांनी स्वतःची संघटना काढली: नॅशनल असोसिएशन ऑफ मॅथेमॅटिशियन्स. ती आजही आहे. आतून सांगून बघितलं होतं, आता एकत्र येऊन सांगायचं होतं.

लॉर्च यांचं पुढे काय झालं?

फिस्कमध्येही ते टिकले नाहीत. १९५४ च्या निकालानंतर लॉर्च आणि त्यांच्या पत्नी ग्रेस यांनी आपल्या मुलीला घराजवळच्या कृष्णवर्णीयांच्या शाळेत घालायचा प्रयत्न केला. थोड्याच दिवसांत अमेरिकन संसदेच्या कम्युनिस्ट शोधणाऱ्या समितीपुढे हजर राहायचा हुकूम आला. त्यांनी राजकीय मतांबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचं नाकारलं. १९५५ मध्ये फिस्कची नोकरी गेली. मग आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकमधलं एक छोटं कॉलेज.

लिटल रॉक म्हटल्यावर काहींना तो फोटो आठवेल. ४ सप्टेंबर १९५७, गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश घ्यायला एकटी निघालेली पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड आणि तिच्यामागे ओरडणारा जमाव. त्या दिवशी बसस्टॉपवर तिच्याजवळ जाऊन उभी राहिलेली, तिला बसमध्ये बसवून जमावापासून बाहेर काढणारी गोरी बाई म्हणजे ग्रेस लॉर्च.

तिथूनही त्यांना जावं लागलं. १९५९ मध्ये कुटुंब कॅनडाला गेलं आणि लॉर्च शेवटपर्यंत तिथेच राहिले. २०१४ मध्ये टोरांटोत, ९८ व्या वर्षी ते वारले.

मागे काय राहिलं? फिस्कमध्ये त्या पाच वर्षांत शिकलेल्या तीन मुलींनी पुढे गणितात पीएचडी केली: ग्लोरिया ह्युइट, व्हिव्हियन मॅलोन-मेज आणि एटा फाल्कनर. त्या काळात अख्ख्या अमेरिकेत अशा कृष्णवर्णीय स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यातल्या तीन एका छोट्या विभागातून! ज्या विभागाला जेवायला बसू दिलं नाही, तो विभाग.

आणि २००७ साली मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिकाने आपला सेवेसाठीचा सर्वोच्च पुरस्कार ली लॉर्च यांना दिला. तीच संस्था. ५६ वर्षांनी.

आपल्याकडे, आत्ता

बरं, आता मोबाईलच्या जगात येऊ.

गेल्या काही वर्षांत अनेक परिषदांनी लिखित आचारसंहिता केल्या. आज त्यांत वर्णाबरोबर लैंगिक छळ, अपंगत्व, दमदाटी, प्रश्नाच्या नावाखाली केलेली टवाळी, सगळं येतं. या दोन्ही गणित संस्थांकडेही आज अशी धोरणं आहेत.

भारतात तर कायद्याचं बळ आहे. राजस्थानच्या भंवरीदेवींच्या प्रकरणानंतर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने विशाखा मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. त्यात 'कामाचं ठिकाण' म्हणजे नुसतं ऑफिस नाही. कामानिमित्त जिथे जाल ती जागा आणि नोकरी देणाऱ्याने पुरवलेली गाडीसुद्धा त्यात येते. विद्यार्थ्यांसाठी यूजीसीचे २०१५ चे नियमही असंच सांगतात: सहल, शिबिर, इंटर्नशिप, विद्यार्थी म्हणून जिथे जाल तिथे 'कॅम्पस' तुमच्याबरोबर येतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी २०१६ चा कायदा आहे.

म्हणजे नॅशविलच्या चौघांना जे पटवून द्यायला झगडावं लागलं, ते आपल्या कायद्यात आधीच लिहिलंय: हॉलचं दार ओलांडलं म्हणून जबाबदारी संपत नाही.

पण शबाझ यांची गोष्ट विसरू नका. लिहिलेलं असणं आणि कुणीतरी फोन करून विचारणं यात नऊ वर्षंही जाऊ शकतात.

म्हणून तुमच्यापैकी जे कुणी उद्या कॉलेजात सेमिनार, फेस्ट, परिषद काहीही करणार असाल, त्यांच्यासाठी माझी छोटी यादी. जागा बघायला जाल तेव्हा हॉल बघून परत फिरू नका. जेवण कुठे आहे ते बघा, टॉयलेट बघा, राहायच्या खोल्या बघा, रात्री परत कसं जायचं ते बघा. तक्रार असेल तर कुणाकडे जायचं, त्या माणसाचं नाव आणि नंबर बॅजच्या मागे छापा. तो माणूस मुख्य आयोजकांचा जवळचा नसेल तर आणखी उत्तम. आणि एखाद्यासाठी 'वेगळी सोय' करायची वेळ आलीच, तर आधी एक प्रश्न विचारा: सगळ्यांचीच सोय तिथे हलवता येईल का?

त्या रात्री आम्हाला जेवण खाली अंगणात आणता आलं असतं. चार टेबलं होती, वीस मुलं होती. अर्ध्या तासाचं काम. कुणाला सुचलं नाही, कारण आमच्या मते सोय झालेली होती.

काही महिन्यांपूर्वी मी तिला मेसेज केला आणि हे सगळं लिहिलं, माफीही मागितली. तिचं उत्तर दोन ओळींचं आलं. तिला गुलाबजाम आठवत होते. आणि त्या कार्यशाळेची तारीखसुद्धा.

चला मंडळी, आज इथेच थांबतो. तुमच्या कॉलेजात असं 'सोय केली होती ना' म्हणून बाहेर ठेवलेलं कुणी आठवत असेल, तर आधी त्यांना मेसेज करा, मग मला.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.